फाँटहिल ॲबी: ‘साखर कशाला मध्ये आणली?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. फाँटहिल ॲबी या इंग्लंडमधल्या वाड्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमचे आक्षेप दोन. वाड्याचा मनोरा 1825 मध्ये पडला तो पाया घालतानाच्या चोरीमुळे, त्याचं खापर मी मालक विल्यम बेकफर्डवर फोडलं. आणि विल्टशरमधल्या एका गॉथिक वाड्याच्या लेखात जमैकातले गुलाम ओढूनताणून आणले.

आधी पाया. ठरल्याप्रमाणे पाया घातलाच नव्हता, अशी कबुली मुकादमाने मरताना दिली, ही गोष्ट मलाही ठाऊक आहे. पण ती पसरली बेकफर्डच्या तोंडून, तीही वाडा विकून झाल्यावर. त्याच्या जागी कोणीही हेच सांगितलं असतं! बरं, सोळा आणे खरी धरू. मग 1800 सालचं काय? मनोरा तेव्हाही कोसळला होता. वास्तुविशारद जेम्स वायट कामावर फारसा फिरकायचा नाही, कबूल. पण रात्री मशाली पेटवून काम रेटणारा, मजुरांना जादा बिअर पाजणारा मालकच ना? लाकडी सांगाडा, वरून सिमेंटचा थर, आणि उंची गाठायची सुमारे 276 फूट. मनोरा पडल्यावर बेकफर्डला हळहळ कसली, तर पडताना बघायला मिळालं नाही याची, असं सांगतात. पश्चिमेचा दरवाजा तीस फुटांहून उंच. तो आणखी उंच वाटावा म्हणून उघडायला मुद्दाम बुटका नोकर ठेवलेला. या माणसाला कोण म्हणणार, ‘साहेब, सहा महिने थांबू या’?

आता साखर. वडील लंडनचे दोनदा लॉर्ड मेयर. ते 1770 मध्ये वारले तेव्हा पोरगं दहाचंही नव्हतं, आणि हाती आले जमैकातले उसाचे मळे आणि त्यात राबणारी हजारांवर गुलाम माणसं. वाडा त्या पैशावर उभा राहिला, हे तुम्हीही नाकारत नाही. पण विकावा का लागला? साखरेचे भाव उतरले, मळ्यांचे खटले अंगाशी आले, कर्ज चढलं. 1822 मध्ये ख्रिस्टीज या लिलाव करणाऱ्या कंपनीने लिलाव पुकारला, बघ्यांची जत्रा लोटली, आणि लिलाव व्हायच्या आतच सुमारे 3 लाख पौंडांना जॉन फार्कुहारशी सौदा झाला. (याची कमाई बंगालातल्या बंदुकीच्या दारूची. म्हणजे साखर गेली, दारू आली!) मग साखर वगळून ही हकिकत सांगायची कशी?

21 डिसेंबर 1825 ला मनोरा पडला तो फार्कुहारच्या वाट्याला. बेकफर्ड तोवर बाथ शहरात जाऊन राहिला होता, आणि थोड्याच दिवसांत तिथे लॅन्सडाउनच्या टेकडीवर त्याने नवा मनोरा बांधला. तो अजून उभा आहे.

वायटची बाजू घेऊन तुम्ही लिहिणार असाल तर जरूर लिहा, मी वाचेन. तो 1813 मध्येच घोडागाडीच्या अपघातात गेला, त्यामुळे त्याला जाब देता आला नाही. पण त्याला सोडवायचं म्हणून सगळं मेलेल्या मुकादमाच्या गळ्यात घालू नका.