डेबियनचं ‘स्टेबल’ आपसात ठरत नाही

गेला महिनाभर सांगलीतल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. पतसंस्था, शाळा, मार्केट यार्डातल्या पेढ्या, सगळीकडे पोचलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘डेबियनसारखं फुकटचं लिनक्स ऑफिसात वापरू नका. जगभरातली हौशी पोरं आपसात ठरवतात की अमुक पॅकेज स्टेबल झालं. स्टेबल म्हणजे नुसतं जुनाट. एक्सझेड प्रकरणात सगळं उघडं पडलं. आणि बिघडलं तर जबाबदार कुणीच नाही.’ मी विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आठ-दहा ठिकाणी डेबियन, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स, मीच बसवून दिलंय. त्यामुळे फोन मलाच येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी ते ‘आपसात ठरवतात’. हे साफ चूक आहे. डेबियनचे तीन साठे: कच्चा ‘अनस्टेबल’, चाचणीचा ‘टेस्टिंग’ आणि रोजच्या वापराचा ‘स्टेबल’. नवं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार बांधलेला प्रोग्राम, पहिल्यांदा ‘अनस्टेबल’मध्ये येतं. तिथून ‘टेस्टिंग’मध्ये जायला साधारण ५ दिवस थांबावं लागतं; तातडीचं असेल तर २, घाई नसेल तर १०. नुसते दिवस भरून भागत नाही. ज्या ज्या प्रोसेसरसाठी ते आधी होतं, त्या सगळ्यांवर ते बिल्ड, म्हणजे चालवण्याजोगं तयार, झालेलं लागतं. ते आत गेल्यामुळे दुसरं पॅकेज मोडता कामा नये. आणि रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पडणं, अडवेल असा नवा बग (दोष) त्यात असून चालत नाही. ही तपासणी एक प्रोग्राम करतो, तिथे ओळखपाळख कामाला येत नाही. अपवाद करायचाच तर रिलीज टीमला तो उघड नोंदवावा लागतो.

माणसाचा निवाडा लागतो तो बग किती गंभीर हे ठरवताना, आणि तो मी स्वतः अनुभवलाय. माझ्या टेस्टिंगच्या मशीनवर एका पतसंस्थेची पावती छापून बघत होतो. पडद्यावर ‘श्री’ नीट दिसत होतं, कागदावर नुसता चौकोन. रात्री अकराला बग कळवला आणि तीव्रता लावली ‘ग्रेव्ह’. क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन पायऱ्यांचे बग रिलीज अडवतात. दोन दिवसांत मेंटेनरचं, म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं. त्यानं फाइल मागवली, दोन वेगळे प्रिंटर लावून बघायला सांगितलं. दोन्हींवर ‘श्री’ स्वच्छ उमटलं. मग त्यानं तीव्रता दोन पायऱ्या खाली, ‘इम्पॉर्टंट’वर आणली आणि कारण लिहिलं: एकाच प्रकारच्या प्रिंटरवर होतंय, बाकीच्यांचं काम अडत नाही. मला राग आला होता. पण त्याचं बरोबर होतं. पुढे तीन आठवड्यांत दुरुस्तीही आली. हा सगळा पत्रव्यवहार आजही कुणालाही वाचता येतो.

एवढ्यानंतरही पॅकेज लगेच ‘स्टेबल’ होत नाही. डेबियन १३ साठी फ्रीझ, म्हणजे नवे बदल रोखणं, १५ मार्च २०२५ ला सुरू झाला, टप्प्याटप्प्यानं आवळत गेला आणि आवृत्ती बाहेर पडली ९ ऑगस्टला. जवळपास पाच महिने भर दुरुस्त्यांवर.

‘स्टेबल म्हणजे जुनाट’ या वाक्यानं मात्र खरंच नुकसान होतं, कारण लोक आकडा बघून घाबरतात. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या, दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायच्या प्रोग्राममधली मोठी खोट जाहीर झाली. मूळ प्रकल्पानं ९.८ ही आवृत्ती काढली. डेबियन १२ मध्ये त्याच दिवशी दुरुस्ती आली, पण आकडा ९.२ च राहिला, फक्त मागचं शेपूट ‘डेब१२यू३’ झालं. म्हणजे भोक बुजवलं, बाकी काही हलवलं नाही. स्टेबलचा अर्थच तो: वागणूक बदलणार नाही. मार्चअखेरीला ताळेबंद निघत असताना मेनू बदललेला कुठल्या कॅशिअरला चालेल?

एक्सझेडचं उदाहरण तर उलट बाजूनं बोलतं. एक्सझेड ही फाइल दाबून लहान करणारी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो कोड. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट घातली होती. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना डेबियन अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागताना दिसला, त्यांनी मुळाशी जाऊन २९ मार्च २०२४ ला ते जाहीर केलं. टेस्टिंगपर्यंत ते पॅकेज पोचलं होतं. स्टेबलमध्ये नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं नसतं तर पुढच्या स्टेबलमध्ये ते गेलं असतं, हेही मी मान्य करतो. गाळण्या कितीही लावल्या तरी बघणारा डोळा लागतोच.

राहिली जबाबदारी. डेबियनची सगळ्यात मोठी चूक त्यांची स्वतःचीच होती. २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तता राखणाऱ्या लायब्ररीत केलेल्या एका बदलानं तिनं बनवलेल्या गुप्त किल्ल्यांचा (लांबलचक आकड्यांचा) अंदाज बांधता येऊ लागला, आणि ते स्टेबलमध्येही गेलं. मे २००८ मध्ये त्यांनीच ते जाहीर केलं, कमकुवत किल्ल्या ओळखायचं साधन दिलं, सगळ्यांना नव्या किल्ल्या करायला सांगितलं. लेखी हमी डेबियन देत नाही, खरंय. पण विकतच्या सॉफ्टवेअरचा करार काढून नुकसानभरपाईचं कलम एकदा वाचा. आणि डेबियनच्या प्रत्येक पॅकेजवर मेंटेनरचं नाव आणि ईमेल असतो. ‘श्री’च्या चौकोनावर तशाच मेंटेनरनं मला उत्तर दिलं होतं. ज्यांना शंका आहे त्यांनी दुकानात या, तो पत्रव्यवहार उघडून दाखवतो.