"थांबला असता तर..."

२०२३ चा उन्हाळ कांदा आठवतोय? मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी आणि गारा, काढणीलाच माल भिजला. आमच्या वस्तीवरच्या एका काकांनी तो मेमध्ये पडेल त्या भावात विकून टाकला. शेजाऱ्याने तसलाच माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरला. ऑक्टोबरअखेर लासलगावला भाव कडाडला आणि तेव्हापासून पारावर काका घाबरट, शेजारी जिगरबाज.

मला हे बिलकुल पटत नाही. भिजलेल्या कांद्याची मान सुकत नाही, सड तिथूनच लागते. चांगला वाळवलेला मालसुद्धा साध्या चाळीत पाच-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्के घटतो. शंभर क्विंटलचे पासष्ट उरले तर भाव दीडपटीच्या वर गेल्याशिवाय मेमधल्या पैशाशीही बरोबरी होत नाही. निवडायची मजुरी आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज वेगळंच. काकांनी हाच हिशोब केला होता. ऑगस्ट कोरडा जाईल, पावसाळ्यातला नवा लाल कांदा लांबेल आणि म्हणून भाव चढेल, हे मेमध्ये कुणाला ठाऊक होतं? शेजाऱ्यालाही नव्हतं. त्याचा बराच माल उकिरड्यावर गेला, उरलेल्याने तारलं. पारावर फक्त तारलेलं सांगतात.

त्यात दिल्ली. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क, ऑक्टोबर सरताना टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्त माल बाहेर पाठवायचा नाही), आणि ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद. ज्याचा लाल कांदा आठवडाभर आधी बाजार समितीत गेला तो हुशार, नंतर गेला तो बावळट? दोघांचं बियाणं तेच, अक्कलही तीच.

एवढं रागाने लिहितोय कारण हे गप्पांपुरतं राहत नाही. 'तेवीसला बघ कसा भाव मिळाला' म्हणत ओला माल चाळीत कोंबणारे आता आमच्याकडे वाढलेत.

माझं म्हणणं साधं आहे. चाळ भरताना किंवा विकताना त्या दिवशीचा भाव, मालाची अवस्था, कर्जाची तारीख आणि आपलं कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दिवाळीला भांडायचंच असेल तर त्या चार ओळींशी भांडा. आणि हो, नशिबाच्या नावावर सगळंच खपवू नका. कारणं दरवर्षी पटण्यासारखी दिसतात आणि तोटा मात्र सलग पाच वर्षं होतो, तर गडबड त्या हिशोबातच आहे.