मॅग्नेशियम कास्टिंगच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

एक मेसेज फिरतोय ग्रुपवर, की एझेड९१ (मॅग्नेशियमचा एक मिश्रधातू) च्या पार्टला ब्लो होल, म्हणजे आत पोकळ भोकं, येतात कारण अलॉयच कमजोर, मेटल ७५० डिग्रीला न्या, सगळी भोकं जातात. मागे मीही तो पुढे ढकलला होता, चूक माझीच.

तसं नाहीये. एझेड९१ साधारण ५९५ डिग्रीला पूर्ण वितळतो आणि डाय कास्टिंगला (वितळलेला धातू दाबाने डायमध्ये, म्हणजे लोखंडी साच्यात, भरणं) ६५०-६८० च्या आसपास पुरतं. त्याहून जास्त तापवलं की ऑक्साइड वाढतो, गॅस जास्त विरघळतो, गोठताना आकसणं वाढतं, शिवाय पेट घ्यायची भीती ती वेगळीच. गोल गुळगुळीत भोकं बहुतेक अडकलेल्या हवेची असतात, म्हणजे प्लंजरचा (धातू साच्यात ढकलणारा दट्ट्या) पहिला टप्पा, व्हेंट (हवा बाहेर जायच्या वाटा), डायचं तापमान हे आधी बघा. वेडीवाकडी, खडबडीत असतील तर आकसण्याची, तिथे जाड भाग आणि इंटेन्सिफिकेशन प्रेशर (साचा भरल्यावर दिला जाणारा जादा दाब) बघायचं. पार्ट कापून लेन्सखाली धरला की फरक लगेच कळतो, आणि हीट ट्रीटमेंटला फोड आले तर आत दाबलेला गॅस होता हे नक्की (म्हणूनच साध्या डाय कास्टिंगला सहसा ती करत नाहीत).

तो ७५० वाला मेसेज प्लीज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा, भट्टीपाशी माणसं उभी असतात.