पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली म्हणे. शेवटच्या नळाला पोचली का?

पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या की पहिला ठपका पावसावर, दुसरा कुठल्यातरी जेवणावळीवर. पाइपलाइनकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी. माझ्या मते शोध तिथूनच सुरू करावा.

नळाला पाणी तासभर, बाकी दिवस लाइन रिकामी. पाणी चालू असतं तेव्हा गळतीतून ते बाहेर पडतं. बंद झालं की दाब जातो आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत शिरतं. कुणी नळाला थेट मोटर लावली की ही ओढ आणखी वाढते. गटारातून नेलेली कनेक्शनं, खड्ड्यातले बिनतोटीचे नळ आणि पाणी साचलेले व्हॉल्व्हचे चेंबर आधी बघा. कावीळ असेल तर आज कोरडी दिसणारी जागासुद्धा तपासा. हा आजार दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणजे घाण शिरली ती बहुधा महिन्याभरापूर्वी.

आता टीसीएल. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं आणि ओलीत राहिलं की ते उडून जातं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. वास येतोय म्हणजे चांगली आहे, असं नसतं.

विहिरीचा हिशेब सोपा आहे. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, सगळं मीटरमध्ये. आले तेवढे हजार लिटर. 4 मीटर व्यास आणि 5 मीटर पाणी म्हणजे जवळपास 63 हजार लिटर. हजार लिटरला किमान 2.5 ग्रॅम पावडर, म्हणजे 160 ग्रॅमच्या आसपास. गढूळ पाणी क्लोरीन खातं, तिथे जास्त लागते. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून, ती बादली दोराने पाण्याखाली सोडून खालीवर हलवा. तळाचा चुना विहिरीत ओतू नका, पाणी जड होतं. (कोरडी पावडर मूठमूठ भिरकावणं म्हणजे नुसता सोपस्कार.) तासभर त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही.

मग ओटी टेस्ट, म्हणजे नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन उरलंय का ते बघणं; उरलं असेल तर पाणी पिवळं होतं. गाडं अडतं ते इथे. टेस्ट होते टाकीखालच्या नळावर, तिथे पिवळा रंग येणारच! नमुना घ्या गावाच्या टोकाच्या घरातून. रंग दहा सेकंदांच्या आत बघा. नंतर गडद होणारा पिवळा फसवतो. तपासलेलं पाणी फेकून द्या, कुणाला पाजू नका. टाकीशी पिवळं आणि टोकाला बिनरंगी आलं, तर पावडर वाढवत बसू नका. एकेक व्हॉल्व्ह मागे येत नमुने घ्या. ज्या दोन नळांच्या मधे रंग गेला, तिथे खणा.