खुलासा : पटाशीची धार निळी होणे म्हणजे ती कडक होणे नव्हे

“ग्राइंडरवर पटाशी (सुतारी छिन्नी) निळी होईपर्यंत घासा आणि लगेच पाण्यात बुडवा, धार दुप्पट टिकते” असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

साध्या कार्बन पोलादावर निळा रंग साधारण ३०० अंश सेल्सिअसला येतो. पटाशीचा कडकपणा मात्र २०० अंशांच्या आसपास, फिकट पिवळ्या रंगावर ठरवलेला असतो. त्यापुढे तापली की तिचं ‘पाणी’, म्हणजे कडकपणा, उतरतं. मग बुडवून ते परत येत नाही, कारण पाणी पाजायला, म्हणजे कडक करायला, पोलाद आधी लालभडक, सुमारे ७८० अंशांवर न्यावं लागतं. खात्री हवी असेल तर बारीक कानस फिरवून पाहा : चांगल्या धारेवर ती घसरते, निळ्या भागात चावते. अशी धार सागवानातही लवकर दुमडते.

निळा भाग पूर्ण घासून काढा, पण सावकाश. हलका दाब, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवणं, आणि टोक अगदी पातळ होण्याआधी थांबून उरलेलं काम धार लावायच्या दगडावर. पातळ कडेला उष्णता जायला जागाच नसते, म्हणून ती आधी जळते. हायस्पीड स्टीलला (ड्रिल-कटरसाठीचं उष्णता सोसणारं पोलाद) ‘निळं म्हणजे नरम’ हा नियम लागू नाही. ते निळं झालं तरी कडक राहतं. बहुधा गोंधळ इथूनच झाला असावा.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.