खुलासा: ‘वॉरहॅमर 40,000’ सम्राटपूजा शिकवत नाही

इंदूरच्या रामबागेतल्या आम्हा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘वॉरहॅमर 40,000 हा खेळ मुलांना एका सम्राटाला देव मानायला शिकवतो.’ हे खरं नाही. 1987 साली इंग्लंडमध्ये आलेल्या, टेबलावर छोट्या सैनिक-प्रतिकृतींनी खेळायच्या या युद्धखेळाच्या कथेत सम्राट स्वतःच धर्मावर बंदी घालतो. त्याला देव ठरवणारा ग्रंथ त्याचाच मुलगा लॉर्गर लिहितो, तेव्हा अद्दल घडवायला सम्राट भक्तांचं मोनार्किया शहर बेचिराख करवतो! पुढे तोच सम्राट ‘सुवर्णासन’ नावाच्या, त्याला जगवणाऱ्या यंत्रावर जेमतेम जिवंत उरतो, आणि त्याच ग्रंथातून वाढलेला पंथ त्याच्या नावाने पाखंडी ठरवून माणसं जाळतो. मला तर ही शोकांतिकाच वाटते. रक्तपात मात्र भरपूर आहे. त्यामुळे लहानग्यांबद्दल पालकांना काळजी वाटली, तर ती रास्त आहे.