डीपी, चवदार तळं आणि सोसायटीची टाकी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आंबेडकर जयंतीला निळा डीपी लावून मोकळं होणाऱ्या आपल्यासारख्या सवर्णांवर मी लिहिलं, ते तुम्हाला लागलं. तुमचे आक्षेप दोन. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिणं हेसुद्धा प्रतीकच होतं, मग आमच्या डीपीला का हसता? आणि असलं लिहून तुम्हीही लाइकच गोळा करता.

दुसऱ्यावर वाद नाही. लाइक मिळाले, आवडलेही. पुढे.

आता महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असा बोले ठराव मुंबई विधिमंडळात झाला; त्यानंतर, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर काम फत्ते, काठावर मात्र जैसे थे. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यात उतरले, पाणी प्यायले आणि त्याच दिवशी गावातल्या सवर्णांच्या लाठ्या त्यांच्यावर पडल्या. मग गावानं शेण-गोमूत्राचे घडे ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. तळं सर्वांना खुलं ठरवणारा हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. याला प्रतीक म्हणायचं तर म्हणा बापडे! डीपी बदलला म्हणून तुम्हाला-मला कुणी साधं खडसावतही नाही, उलट बदाम येतात.

महाडातून आपण उचलायचं ते वेगळंच आहे. सुरबानाना टिपणीस, आपल्यासारखेच सवर्ण, नगरपालिकेत होते, त्यांनी तिथलं वजन खर्ची घातलं. अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे हेही सवर्णच, ते मार्चमधल्या महाडच्या परिषदेसाठी राबले. त्याच वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी स्वतःची जमीन दिली. ज्याच्या हातात जे होतं, ते त्यानं वापरलं.

माझ्या हातात काय, तर सोसायटीतलं एक मत. मैला हातानं उपसायला बंदी करणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ला लागू झाला (हो, सहा डिसेंबरच). सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवला, मग तो कंत्राटदाराचा का असेना, तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. भरपाईसाठी त्यांच्या बायकांना हायकोर्टाची पायरी चढावी लागली.

आमच्याकडे टाकीचं कोटेशन आलं त्यात दोन दर होते, मैला यंत्रानं ओढणाऱ्या सक्शन गाडीचा आणि 'लेबर'चा. लेबरचा अर्थातच स्वस्त. ग्रुपवर धडाधड अंगठे पडले, त्यात सकाळी 'विनम्र अभिवादन' टाकणारेही होते. मी विचारलं, "आत माणूस उतरणार का?" ग्रुप चिडीचूप. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन: "अहो, त्या लोकांना सवय असते." ते लोक म्हणजे कोण, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी त्या कायद्याचं, याच बंदीचं, सातवं कलम वाचून दाखवलं आणि वर्क ऑर्डरवर सही कुणाची असते तेवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी गाडीचा दर मंजूर! मन वगैरे कुणाचंही पालटलं नाही, सहीची धास्ती कामाला आली. मला तेवढं पुरतं. मेंटेनन्स वाढवला म्हणून वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अजून लिफ्टमध्ये मोबाइलकडे बघत उभे राहतात, ते एक असो.

जात यानं जाईल का, असं विचाराल. नाही जाणार. पण टाकीत उतरायला येणाऱ्याचं घर त्या दिवशी उघड्यावर पडणार नाही.

डीपी खुशाल ठेवा. तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. 'टाकीत माणूस उतरवणार नाही' ही अट प्रत्येक सफाईच्या वर्क ऑर्डरवर छापावी, असा विषय सेक्रेटरींकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मसुदा हवा असेल तर इथेच कळवा, आमचा पाठवतो.